धरून ठेवण्याचा भाग कापला आहे

आमच्या संस्थेच्या ब्लॉगवर लिहायचे नियम आहेत. परिच्छेद चार ओळींपेक्षा मोठा नको. दर दोन परिच्छेदांनंतर उपशीर्षक हवं. शेवटी वाचकाला एक प्रश्न विचारायचा, म्हणजे तो कमेंट करतो. आणि 'वेदना' हा शब्द टाळायचा, कारण तो नकारात्मक आहे.

मी मोडलेल्या हाडांवर प्लास्टर घालायला शिकवतो. तरीही हे नियम पाळले. ही नोंद मात्र मी मंजुरीसाठी पाठवलेली नाही. त्यामुळे परिच्छेद हवे तेवढे लांबतील, आणि उपशीर्षकं मी माझ्या मनाने देईन.

उपशीर्षक: जग बदललंय

रुग्णालयाला लागून आमची प्रशिक्षण संस्था आहे. तळमजल्यावर, मागच्या बाजूला, प्लास्टर रूम. दोन मोठी स्टीलची सिंक, एक झिजलेलं टेबल, कितीही पुसली तरी पांढरीच राहणारी फरशी, आणि ओल्या खडूसारखा वास. इथे मुलंमुली एकमेकांच्या हातापायांना प्लास्टर घालतात, कापतात, पुन्हा घालतात. ज्याला प्लास्टर घातलं जातं तो ओरडतो, जो घालतो तो माफी मागतो, आणि दोघं शिकतात. मला सगळे प्लास्टर मास्तर म्हणतात. तोंडावर 'सर'.

नव्या संचालक मॅडम आल्या आणि पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, "जग बदललंय." ज्या बैठकीत हे वाक्य येतं त्या बैठकीनंतर कुणाची तरी खोली जाते, एवढं नोकरीत मी शिकलोय. ठरलं असं: प्रत्येक प्रशिक्षकाने आपल्या विषयाचा ब्लॉग चालवायचा, सोशल मीडियावर पान उघडायचं, व्हिडिओ टाकायचे. विद्यार्थ्यांनी दर आठवड्याला एक नोंद लिहायची आणि दुसऱ्यांच्या नोंदींवर कमेंट करायच्या. त्याला गुण. वर्षाअखेर एक समिती येणार, आणि ज्या विषयाला प्रतिसाद कमी त्याची खोली स्टुडिओसाठी घेणार.

"स्टुडिओ कशाला?" मी विचारलं.

"ब्लॉगचे व्हिडिओ करायला," मॅडम म्हणाल्या.

म्हणजे खोली वाचवायची तर मी व्हिडिओ करायचे, आणि ते कुणी पाहिले नाहीत तर व्हिडिओ करण्यासाठी माझी खोली जायची. मी हे मोठ्याने बोललो. सगळे हसले. मला वाटलं होतं कुणीतरी उत्तर देईल.

[इथे हसऱ्या चेहऱ्याचं छायाचित्र अपेक्षित आहे. माझ्याकडे नाही.]

उपशीर्षक: खूप छान सर

पहिली नोंद मी जीव ओतून लिहिली. पाणी किती कोमट असावं, कापूस हाडाच्या उंचवट्यावर जाड का ठेवावा, पट्टी ओढायची नसते तर नुसती फिरू द्यायची असते. शेवटी, सगळ्यात महत्त्वाचा भाग: प्लास्टर घालून झालं की ते सुकेपर्यंत हात धरून ठेवायचा. बोटांनी नाही, तळव्यांनी. बोटांचे खड्डे पडतात आणि ते खड्डे आतून मांसाला टोचतात. धरलं की काही करायचं नाही. बोलायचं नाही, हलायचं नाही, थकलो म्हणायचं नाही. प्लास्टर आधी गार असतं, मग तापायला लागतं. रुग्ण घाबरतो, त्याला सांगायचं की होतं असं. ते तापून पुन्हा निवायला लागलं की मगच सोडायचं. मधेच सोडलंत तर हाड सरकतं, आणि तो माणूस जन्मभर वाकड्या मनगटाने दाराची कडी लावतो.

रात्रीत कमेंटचा पाऊस पडला.

— खूप छान सर.
— खूप उपयुक्त माहिती.
— सर, पुढच्या भागाची वाट पाहतोय.

माझे डोळे भरून आले. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मुलं किती मनापासून लिहितात नाही?" दुसऱ्या दिवशी रखवालदाराचे वडील वारले म्हणून तास होणार नाही, अशी सूचना मी त्याच पानावर टाकली.

— खूप छान सर.
— खूप उपयुक्त माहिती.
— सर, पुढच्या भागाची वाट पाहतोय.

त्यानंतर मी डोळे भरून येऊ देणं बंद केलं.

डिजिटल समन्वयक नावाचं एक नवं पद आलं होतं. आम्ही त्यांना डिजिटलबाई म्हणतो. तरुण, चटपटीत, कानात कायम काहीतरी घातलेलं. त्यांनी माझ्या नोंदीचा आलेख दाखवला. एक रेघ वरून सुरू होऊन खाली कोसळली होती.

"लोक पहिल्या परिच्छेदातच सोडून जातात, सर."

"पण कमेंट आहेत ना?"

"त्या विद्यार्थ्यांच्या आहेत. त्यांना गुण आहेत त्याचे. बाहेरचं कुणीच येत नाहीये. व्हिडिओ करा. आणि प्लीज, पांढरं काही नको. पांढरं स्क्रीनवर उडतं. रंग हवा."

उपशीर्षक: रंग

वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर राहतात. त्यांचं स्वतःचं पान आहे. त्यावर ते रोज सकाळी आपल्या कुंडीतलं एक फूल टाकतात आणि खाली आपला रक्तदाब लिहितात. त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त लोक वाचतात. मी सल्ला मागितला नव्हता. जिन्यात भेटलो एवढीच चूक.

"सातत्य," ते म्हणाले. "आणि स्वतःला समोर ठेवा. लोकांना माहिती नको असते हो, माणूस हवा असतो. माझा रक्तदाब वाढला की लाइक वाढतात. खरं सांगतो. एकदा तर मी मुद्दाम मीठ खाल्लं."

बायको म्हणाली, "ह्यांचं ऐकू नका." पण तोवर माझ्या डोक्यात घुसलं होतं. स्वतःला समोर ठेवा. रंग हवा. तर मी असं केलं: फायबरच्या पट्ट्या असतात, रंगीत मिळतात, त्यातला जांभळा रोल घेतला आणि रविवारी स्वयंपाकघरात स्वतःच्या डाव्या हातावर, कोपरापर्यंत, उत्तम प्लास्टर घातलं. बायकोने फोन धरला. तिचा हात थरथरत होता, कारण ती हसत होती. घालून झाल्यावर उजव्या तळव्याने मी ते धरून ठेवलं, शांत, जसं शिकवतो तसं. बायको म्हणाली, "झालं का? की अजून चालूय?" मी मानेनेच थांब म्हटलं. ती फोन पाण्याच्या माठाला टेकवून भाजी चिरायला लागली. व्हिडिओत चिरण्याचा आवाज आहे. होता.

मग उतरवायचं लक्षात आलं.

साधं प्लास्टर भिजवून काढता येतं. फायबरचं नाही येत. त्याला विजेची करवत लागते, आणि करवत संस्थेच्या स्टोअरमध्ये.

"मी आधीच म्हणणार होते," बायको म्हणाली.

"मग म्हणाली का नाहीस?"

"तुम्ही मानेनं थांब म्हणालात ना."

उपशीर्षक: कर्मचाऱ्याचा अवयव

स्टोअरच्या किल्ल्या हेडक्लार्ककडे असतात. हे मोठे साहेब नव्हेत, पण मोठ्या साहेबांनी सही कुठे करायची ते हे सांगतात. इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघायची सवय.

"करवत हवीय," मी म्हणालो.

"कशासाठी?"

मी हात वर केला.

"ते दिसतंय हो. कागदावर काय लिहू?"

"प्लास्टर कापण्यासाठी."

"कुणाचं?"

"माझं."

"रुग्ण आहात का?"

"नाही."

"विद्यार्थी?"

"अहो, मी इथला प्रशिक्षक आहे. तुम्ही ओळखता मला."

"म्हणूनच सांगतोय. करवत रुग्णाच्या किंवा विद्यार्थ्याच्या अवयवावर चालवता येते. कर्मचाऱ्याच्या अवयवाची तरतूद नाही."

शेजारच्या रुग्णालयात गेलो. केसपेपर काढला. त्यांनी एक्स-रे काढायला लावला. हाड धडधाकट. खिडकीतल्या माणसाने फिल्म उजेडाला धरली आणि मला म्हणाला, "मोडलेलं नाहीये."

"माहीत आहे."

"मग प्लास्टर कुणी घातलं?"

"मीच."

"तुम्ही कोण?"

"मी प्लास्टर घालायला शिकवतो."

त्याने फिल्म पाकिटात घातली, पाकीट माझ्या हातात दिलं, आणि माझ्या मागच्या बाईंना म्हणाला, "पुढे या." मी बरेच अपमान गिळलेत, पण 'पुढे या' हा घशात अडकतो.

इमारतीत तोवर बातमी पसरली होती. मी खरं सांगायचा प्रयत्न केला, की ब्लॉगसाठी घातलंय. कुणालाच पटेना. तळमजल्यावरच्या काकू माझ्या बायकोला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भांडण झालं का गं?" त्या दिवसापासून बायको स्वतःहून सांगायला लागली, "बाथरूममध्ये पडले." तिच्या मते ब्लॉगपेक्षा बाथरूम जास्त अब्रूचं होतं. बँक मॅनेजर भेटायला आले, सफरचंदं घेऊन, आणि माझ्या जांभळ्या हाताबरोबर स्वतःचा फोटो काढला. तो त्यांनी फुलाऐवजी टाकला. त्या दिवशी त्यांचे लाइक दुप्पट झाले. रक्तदाब मात्र नॉर्मल.

संस्थेत माझ्या नावापुढे 'जखमी' अशी नोंद झाली आणि माझी प्रात्यक्षिकं थांबवण्यात आली. मी जखमी नाही हे सिद्ध करायचं तर प्लास्टर निघायला हवं होतं. पुन्हा हेडक्लार्ककडे. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "एक करता येईल. तुम्ही विद्यार्थी व्हा."

मी माझ्याच अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. प्रवेश मंजूर करणाऱ्याची सही माझी. करवत मिळाली. एका विद्यार्थिनीने सफाईने प्लास्टर कापलं, मी तिला शाबासकी देताच तिने आठवण करून दिली, "सर, तुम्ही आता विद्यार्थी आहात ना? मग आठवड्याची नोंद?" यंत्रणेत माझं नाव लाल झालं होतं. मी एक नोंद लिहिली आणि दुसऱ्यांच्या नोंदींवर कमेंट केल्या. काय लिहिलं ते विचारू नका. दुसरा पर्याय नव्हता.

उपशीर्षक: इथे लोक सोडून जातात

व्हिडिओ गाजला. मग मी तो पाहिला.

जांभळी पट्टी झरझर फिरते. संगीत. पट्टी संपते. मधलं सगळं गाळून एकदम उडी. मी हात वर करून हसतोय. खाली अक्षरं: 'झालं! इतकं सोपं!'

मी डिजिटलबाईंच्या टेबलापाशी जवळजवळ धावत गेलो. "धरून ठेवण्याचा भाग कुठाय?"

"कापला."

"का?"

"सर, त्यात काहीच होत नव्हतं."

"तेच तर व्हायला हवं असतं त्यात!"

त्यांनी कानातलं काढलं. तेवढा मान त्यांनी दिला, हे मी कबूल करतो. "मी दाखवू का तुम्हाला? हा बघा आलेख. पूर्ण व्हिडिओ आधी टाकून बघितला होता मी. लोक बरोब्बर इथे सोडून जातात. तुम्ही धरलंत की ते गेले. मी काय करू? मला पण माझे आकडे द्यायचे असतात वर."

"निदान खाली लिहा, की धरून ठेवायचं असतं."

"लिहिते ना." आणि त्यांनी खरोखर लिहिलं. तिरपं, राखाडी, 'अधिक वाचा'च्या आत.

पुढच्या आठवड्यात प्रात्यक्षिक सुरू झालं. एका मुलाने दुसऱ्याच्या हातावर प्लास्टर घातलं, छान घातलं, आणि टाळी वाजवल्यासारखे दोन्ही हात वर करून मागे सरकला. ओलं प्लास्टर टेबलाच्या कडेवर पडून दबलं.

"अरे, धर! सोडतोस काय?"

"सर, व्हिडिओत तुम्ही पण सोडलंत."

"व्हिडिओत ते कापलंय."

"पण सर, त्याच्यावर प्रश्न येणारे परीक्षेत. ऑनलाइन. 'शेवटची पायरी कोणती?' उत्तर, 'हसून दाखवणे.' मी बघितलं."

वर्ग हसला. तो उद्धट नव्हता. खरंच सांगत होता. मी जाऊन पाहिलं. प्रश्नसंच व्हिडिओवरून बनवला होता. चारही पर्यायांत 'धरून ठेवणे' नव्हतं.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की प्रश्न खोलीचा नाही. म्हणजे खोलीचाही होता. पण ही खोली गेली, की तिथून पुढे जितकी मुलं बाहेर पडतील ती सगळी हात वर करून मागे सरकतील, आणि या शहरात मनगटं वाकडी होत जातील, आणि कुणालाही कळणार नाही की ती कुठून वाकायला लागली.

वाचकहो, तुम्हाला काय वाटतं?

उपशीर्षक: थेट प्रक्षेपण

समिती आली. मॅडमनी ठरवलं होतं की प्लास्टर रूममधून थेट प्रक्षेपण करायचं. समितीला खोलीही दिसेल, आणि भिंतीवर लावलेल्या पडद्यावर किती जण बघतायत तो आकडाही. आकडा चांगला आला तर खोली राहील. मॅडम मला म्हणाल्या, "बघा, संधी देतेय मी तुम्हाला." आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. मला त्या कधीच वाईट वाटल्या नाहीत. वाईट वाटल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

प्रेक्षक कमी पडू नयेत म्हणून सगळ्या विद्यार्थ्यांना आपापल्या घरून पाहायचा आदेश होता. त्यामुळे प्रशिक्षणाच्या त्या कार्यक्रमात विद्यार्थी नावाला नव्हता. मग रुग्ण कोण होणार? मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं. हेडक्लार्क सह्यांची फाईल घेऊन उभे होते.

"मी?" ते म्हणाले. "माझ्या पदाच्या कामात हे येत नाही."

"पाच मिनिटं हो," मॅडम म्हणाल्या. "नुसतं बसायचंय."

त्यांनी खिशातली पेनं काढून मला धरायला दिली, सदऱ्याची बाही मोजून तीन घड्या घालून वर केली, आणि कॅमेऱ्याच्या दिशेने शक्य तितक्या सन्मानाने चालत आले. फरशीवर दिव्याच्या वायरी होत्या. मघाशी मी बादली भरली होती, थोडं पाणी सांडलं होतं. वायर चुकवायला त्यांनी पाय उचलला आणि तो पाण्यात ठेवला.

पडताना त्यांनी उजवा हात टेकवला. तो आवाज ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

"आई गं," ते म्हणाले. अगदी हळू. माझ्या हातात अजून त्यांची पेनं होती.

मनगट जेवायच्या काट्यासारखं वाकलं होतं. समितीत हाडांचे डॉक्टर होते, तेच आधी पुढे आले. डिजिटलबाईंनी फोन खाली केला नाही. त्यांना सुचलंच नसेल, असं मी स्वतःला अजून सांगतो. आम्ही हेडक्लार्कना खुर्चीवरून एक्स-रेकडे नेलं तर प्रक्षेपणही मागून व्हरांड्यातून आलं. पडद्यावरचा आकडा उड्या मारत वर चालला होता, हे नंतर कळलं. एक्स-रेच्या दारावरच्या 'प्रवेश बंद'पाशी तो सगळ्यात उंच होता. त्यावेळी पडद्यावर फक्त बंद दार दिसत होतं.

परत आल्यावर डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, हाड जागेवर बसवलं, आणि मला म्हणाले, "मास्तर, प्लास्टर तुमचं. नीट धरा हं. चिरा वाईट आहेत, सुटलं तर सरकेल."

मी साधं, पांढरं प्लास्टर घातलं. मग दोन्ही तळव्यांत त्यांचं मनगट घेतलं आणि थांबलो.

"सर, बोला," डिजिटलबाई कॅमेऱ्यामागून कुजबुजल्या.

मी बोललो नाही.

"काहीतरी सांगा ना. विनोद सांगा. आकडा पडतोय."

मला पडदा दिसत होता. आकडा खरंच पडत होता, वाळूच्या ढिगासारखा, आधी थोडा, मग भराभर. मॅडम माझ्याकडे बघून हाताने इशारा करत होत्या: उरका. उरकता आलं असतं. डाव्या हाताने धरून उजवा कॅमेऱ्याकडे हलवता आला असता, दोन वाक्यं बोलता आली असती. कदाचित खोली राहिली असती. मी हे पुष्कळदा मनात करून बघितलंय, आणि दर वेळी त्यात मनगट सरकतं.

समिती चहाला गेली. मॅडम त्यांच्या मागे गेल्या. डिजिटलबाईंनी फोन स्टँडवर लावला, दिवा तसाच ठेवला आणि दारात जाऊन कुणाशी तरी बोलायला लागल्या. खोलीत आम्ही दोघं राहिलो.

"सर," हेडक्लार्क म्हणाले, "गरम होतंय."

"होतं असं. घाबरू नका."

"सोडू नका हं."

"नाही सोडत."

थोडा वेळ गेला. माझे खांदे भरून आले. त्यांनी भिंतीकडे बघायचं सोडून पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. कपाळावर घाम होता, इस्त्रीचा सदरा पाठीला चिकटला होता.

"माझा उजवा आहे हो," ते म्हणाले. "सगळं उजव्यानेच करतो मी. टायपिंग, शिक्के. घरी आई आहे, तिला मीच भरवतो."

"सरळ जुळेल."

"नक्की?"

"हललो नाही तर नक्की."

ते हलले नाहीत. मीही नाही. प्लास्टर तापलं, तापत राहिलं, आणि मग हळूहळू निवायला लागलं. ते म्हणाले, "खोलीची फाईल माझ्याकडेच येते, सर. मी बघतो काय ते." त्यांचा आवाज खरा होता. मी आजही शपथेवर सांगेन, खरा होता.

पडद्यावर आकडा एक होता. नंतर बायकोला विचारलं, तू शेवटपर्यंत बघितलंस ना? ती म्हणाली, "तुम्ही थांबलात तेव्हा मी बंद केलं. मला वाटलं अडकलं."

तो एक बहुधा तो फोन स्वतःच होता.

उपशीर्षक: प्रत्यक्ष प्रशिक्षणातले धोके

डिजिटलबाईंनी पडण्याचा तुकडा वेगळा काढून टाकला, चेहरा झाकून, पाय घसरतो तिथे एक छोटी घंटी वाजवून. संस्थेच्या इतिहासात इतकं काही कुणी पाहिलं नव्हतं. बँक मॅनेजरनी तो मलाच पाठवला, खाली हसणारे चेहरे जोडून: "तुमच्याकडचं वाटतं? भारी!!"

समितीचा अहवाल आला. प्रतिसाद उत्कृष्ट. त्यातच एक परिच्छेद होता, चार ओळींपेक्षा लहान, नियमाप्रमाणे: सदर खोलीत प्रक्षेपणादरम्यान घडलेला अपघात पाहता प्रत्यक्ष प्रात्यक्षिकं असुरक्षित आहेत, ब्लॉग व व्हिडिओ या माध्यमांतून असा एकही अपघात झालेला नाही.

वादाला जागा नव्हती. खरंच झालेला नाही.

मॅडमनी मला बोलावून सांगितलं की मी आता 'आशय प्रमुख' आहे. आवाज माझा वापरणार, हात दुसऱ्या कुणाचे तरी. माझ्या हातांवर डाग आहेत, ते जवळून बरे दिसत नाहीत. मी विचारलं, मुलं धरायला कुठे शिकतील? त्यांनी समोरच्या वहीत काहीतरी टिपून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यावर एक पोस्ट करा ना. छान कल्पना आहे."

आदेश घ्यायला मी हेडक्लार्ककडे गेलो. प्लास्टर निघालेलं होतं. हात थोडा बारीक झाला होता, कातडी सोलत होती, पण मनगट, मी दुरूनच पाहिलं, सरळ. फूटपट्टीसारखं सरळ. ते की-बोर्डवर दोन्ही हातांनी खटाखट टाइप करत होते. मला बघून थांबले, भिंतीकडे पाहिलं, आणि मग नाइलाजाने माझ्याकडे.

"वरून आलं हो," ते म्हणाले. "माझ्या हातात असतं तर..."

ते वाक्य त्यांनी तसंच सोडलं. प्रिंटरमधून कागद आला. खोली रिकामी करणे, साहित्य स्टोअरमध्ये जमा करणे, करवत निकालात काढणे. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

"वळतो का पूर्ण?" मी विचारलं. दुसरं काही तोंडात आलंच नाही.

"हा काय." त्यांनी तळवा वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. चेहरा उजळला होता. "डॉक्टर म्हणाले, कुणी धरलं होतं? मी तुमचं नाव सांगितलं. इथे सही करा."

मी सही केली. त्यांनी शिक्का शाईच्या पेटीवर दाबला, उचलला आणि जोरात कागदावर हाणला.

"दुखतं का?"

"छे हो," ते म्हणाले. "काही कळतसुद्धा नाही." आणि कार्यालयाच्या प्रतीवर दुसरा मारला.